मिसेस टॅन यांचा तांब्याचा पत्रा

नंदाचा नवरा उज्ज्वल पहाटेच कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला गेला होता. लेक अवनी एव्हाना शाळेत पोचली असणार. सिंगापूरला बुकित पंजांगमधल्या त्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नंदा एकटीच पोळ्या लाटत होती. सकाळचा हा तास तिचा. ओट्यावर चहाचा दुसरा कप, शेजारी मोबाइलवर सासूबाईंचा व्हॉइस मेसेज. पिंपरीच्या विहारात रविवारी किती माणसं आली, खीर कशी पुरली नाही आणि कोणाच्या सुनेने ऐनवेळी कसं तोंड फिरवलं, हे सगळं सासूबाई दम न घेता सांगत होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली.

बेल असताना थापा कोण मारतंय, असं पुटपुटत नंदाने पिठाच्या हातांनीच दार उघडलं. लोखंडी जाळीपलीकडे शेजारच्या मिसेस टॅन उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, उंच, हडकुळी, गोरीपान बाई. आखूड पांढरे केस, अंगात पुरुषी शर्ट, आणि दहाही बोटं काळीकुट्ट.

नंदाचं कुटुंब इथे राहायला आलं तेव्हा शेजारच्या दारावरचं टॅन हे नाव वाचून तिला वाटलं होतं, चिनी कुटुंब असेल. दार उघडून ही इंग्लिश आजी बाहेर आली तेव्हा नंदा क्षणभर चुकीच्या मजल्यावर आल्यासारखी बघत राहिली होती. तेव्हापासून तीन वर्षं लिफ्टमधलं हसू आणि दिवाळीचा एक डबा, याच्या पलीकडे ओळख गेली नव्हती.

"तुझे हात मजबूत आहेत का?" मिसेस टॅननी विचारलं. गुड मॉर्निंग नाही, काही नाही.

"म्हणजे?"

"रोज सकाळी भिंतीतून तुझं लाटणं ऐकते. ज्या बाईचं लाटणं भिंतीतून ऐकू येतं तिचे हात मजबूतच असणार. माझा खांदा गेला आहे. मला एक चाक फिरवून हवंय, पाच मिनिटांचं काम. कॅन?"

त्या इंग्लिश बोलत होत्या, पण शेवटचा 'कॅन' खास इथला होता. नंदाला हसू आलं. तिने गॅस बंद केला आणि हात धुऊन त्यांच्यामागे गेली.

शेजारचा हॉल नंदाच्या हॉलएवढाच होता, पण सोफ्याच्या जागी तिथे एक यंत्र होतं. दोन जाडजूड लोखंडी रूळ, मधून सरकणारा पाट आणि बाजूला जहाजाच्या सुकाणूसारखं मोठं चाक. खोलीभर जवसाच्या तेलाचा वास होता. नंदाला एकदम घरच्या जवसाच्या चटणीची आठवण झाली, आणि अशा परक्या घरात आपल्याला ओळखीचा वास यावा याची गंमतही वाटली.

मिसेस टॅननी शाई भरलेला तांब्याचा पत्रा पाटावर ठेवला, त्यावर ओलसर कागद, त्यावर लोकरीच्या घड्या. "आता फिरव. मध्ये थांबायचं नाही."

नंदाने फिरवलं. चाक जड होतं, पण दमाने घेतलं की ऐकत होतं. पलीकडून बाहेर आलेला कागद मिसेस टॅननी एका कोपऱ्याला धरून हळूच उचलला. नदीतल्या होड्या, त्यांच्या मागे गोदामं, एका होडीवर पाय पसरून झोपलेला माणूस.

"ही इथली नदी?"

"होती."

"आणि हे तुम्ही काढलंत?"

"मग काय तू काढलंस?"

पाच मिनिटांचं काम म्हणून गेलेली नंदा दुपारी अवनीच्या बसची वेळ झाली तेव्हा घरी आली. कणकेचा गोळा ओट्यावर सुकून गेला होता.

त्यानंतर ती रोजच जायला लागली. मिसेस टॅनचं पहिलं नाव ऑड्री. नंदा त्यांना ऑड्री आंटी म्हणू लागली. उज्ज्वल जेवताना चिडवायचा, "काय मॅडम, आता प्रदर्शन कधी? बॉसला आमंत्रण द्यावं लागेल." अवनी तर आईच्या नखांतली शाई बघून म्हणायची, "आई, so dirty lah. आंटीकडे gloves नाहीत?"

"आहेत. पण हातमोज्यांनी शाई कळत नाही," नंदा सांगायची. हे वाक्य अर्थातच आंटीचं होतं.

आंटीचं आयुष्य नंदाला असं कामाच्या मधेमधे, तुकड्यातुकड्यांनी कळलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मासळीच्या बंदरात त्या वाढल्या. वडील होड्यांवर नावं रंगवायचे. पोरगी ब्रश धरते म्हटल्यावर त्यांनी तिला अक्षरं शिकवली, पुढे ती शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या कलाशाळेत गेली. तिथून तिशीच्या आत, दोन वर्षांच्या करारावर, सिंगापूरच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायला आली.

"दोन वर्षांसाठी आलेली सगळीच माणसं इथे म्हातारी होतात," आंटी म्हणाल्या. "तू किती वर्षांसाठी आलीस?"

"आम्ही पण दोनच ठरवली होती," नंदा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सुरुवातीला त्या तैलचित्रं करत. इथल्या दमट हवेत कॅनव्हासला बुरशी धरायची. तांब्याला बुरशी धरत नाही, म्हणून त्या छापचित्रांकडे वळल्या. पत्र्यावर मेण लावायचं, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा अॅसिडमध्ये बुडवायचा, म्हणजे रेघा खोल खाल्ल्या जातात. मग त्या रेघांत शाई भरून छाप काढायचे. प्रेस विकत घ्यायची ऐपत नव्हती. शाळेची बस दुरुस्त करायला येणारा एक मेकॅनिक होता, टॅन बून लिआंग. तो म्हणाला, मी बनवून देतो. बंद पडलेल्या लाँड्रीतलं कपडे पिळायचं यंत्र आणून त्याने रूळ काढले आणि ही प्रेस उभी केली.

"प्रेस द्यायला आला आणि राहिला," आंटी म्हणाल्या.

नाव मात्र झालं नाही. एका गॅलरीत दोनदा प्रदर्शन झालं. एका मोठ्या हॉटेलने नदीच्या चित्रांचा आख्खा संच खोल्याखोल्यांत लावायला घेतला, त्या वर्षी दोघं आनंदाने पिनांगला फिरून आली. पुढे हॉटेलचं नूतनीकरण झालं. चित्रं कुठे गेली म्हणून आंटी विचारायला गेल्या, तर रिसेप्शनवरच्या मुलीला तिथे कधी चित्रं होती हेच माहीत नव्हतं. इंग्लंडमधले लोक म्हणायचे, या सिंगापूरच्या. सिंगापूरचे म्हणायचे, ब्रिटिश आहेत. कम्युनिटी क्लबात शनिवारचे वर्ग घेत त्या शिकवत राहिल्या. मग फ्लॅटमधल्या अॅसिडच्या वासाची मजल्यावरच्यांनी तक्रार केली, तेव्हा अॅसिड सोडलं आणि पत्र्यावर थेट सुईनेच कोरायला लागल्या.

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज कधी हलला नाही. हलला तो एकदाच, डोळ्यांचं सांगताना.

"मधोमध डाग आहे," त्या म्हणाल्या. "बघेन नेमकं तिथेच काही नसतं. आत्ता तुझ्याकडे बघते आहे ना, तर तुझे कान आहेत, कानातले आहेत, केस आहेत. चेहरा नाही."

 खिडकीबाहेरून एलआरटीची रेल्वेगाडी गेली. इमारत जवळ आली की त्या गाडीच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतली माणसं नुसत्या सावल्या होतात. नंदा तिकडेच बघत राहिली.

"डॉक्टर इंजेक्शनं देतात. आहे ते थोडं टिकेल म्हणतात. त्याच्या आत मला एक काम उरकायचं आहे."

त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पत्रा काढला. पाटीएवढा. तांबं काळपटलेलं होतं, त्यावर बारीक खरवडल्यासारख्या रेघा. तिरका धरला तेव्हा नंदाला आतला माणूस दिसला. बनियन घातलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला, खुर्चीत किंचित कलंडलेला म्हातारा.

"बून. चार वर्षांपूर्वी, आजारपणात. रोज दुपारी समोर बसायचा, मी कोरायची. बोलणं संपलं होतं आमचं, बघणं चालू होतं. एकच छाप काढला होता, त्याला दाखवायला. म्हणाला, एवढा काळा काय केलास, बिनदुधाच्या कोपीओसारखा, काळ्या कॉफीसारखा दिसतोय."

"कुठे आहे तो छाप?"

"त्याच्या पेटीत ठेवला. शेवटच्या पेटीत. इथे असं काही बरोबर देतात, मुलांनी विचारलं काय द्यायचं, म्हणजे त्याच्या बहिणीच्या मुलांनी. मी म्हटलं, हा द्या. मला वाटलं, पत्रा तर आहे. हवे तेवढे काढीन." पत्र्याची कड चाचपत त्या म्हणाल्या, "मग वर्षभर हातच लागेना. मग खांदा गेला. मग हे."

"फोटो असतील ना त्यांचे?"

"ढीगभर. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघतो. यात माझ्याकडे बघतो आहे."

म्हणजे असं होतं सगळं. डोळ्यांत आहे तेवढी नजर असताना बूनचा एक धड छाप आंटींना हातात धरायचा होता. एकच निघाला तरी पुरे. पण त्याआधी नंदाचा हात बसायला हवा होता. म्हणून तर त्या नदीच्या जुन्या पत्र्यांवर तिला गिरवायला लावत होत्या. शाई किती भरायची, मलमलीच्या बोळ्याने किती पुसायची. जास्त पुसली तर चित्र उपाशी, कमी पुसली तर चिखल.

काम झालं की जुने पत्रे आंटी व्हिनेगर आणि मिठाने घासून ठेवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नंदा म्हणाली, "आम्ही तांब्याची भांडी चिंचेने घासतो. माझ्या सासूबाईंच्या घरात काळं तांबं दिसलं तर त्या दोन दिवस बोलायच्या नाहीत."

"आण मग चिंच," आंटी म्हणाल्या.

नंदाने चिंच भिजवून नेली, त्यात मीठ घातलं आणि नदीचा एक पत्रा असा लखलखीत केला की आंटींनी तो गालाला लावून बघितला. "चाळीस वर्षं मी व्हिनेगर वाया घालवलं," त्या म्हणाल्या. नंदाला उगाच शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

शेवटी जाड, चांगला कागद आला. गुरुवारी सकाळी बूनचा छाप काढायचा असं ठरलं. बुधवारी आंटीचं डोळ्याचं इंजेक्शन होतं. किल्ली नंदाकडे देऊन त्या म्हणाल्या, "कागद ओला करून घड्यांत ठेव. बाकी काही नको."

नंदाने कागद ओला करून ठेवला. मग तिने खोलीकडे पाहिलं. टेबलावर शाईचे डाग, खिडकीत धूळ. उद्या एवढा मोठा दिवस, आणि घर असं. तिने टेबल पुसलं, चिंध्या धुतल्या, केर काढला. टेबलाच्या कडेला वर्तमानपत्रात बूनचा पत्रा काढून ठेवलेला होता. तिने तो उघडला. किती काळवंडलेला. कोणी देवाघरी गेलेल्या माणसाची तसबीर अशी ठेवतं का? तिच्या स्वतःच्या घरी बुद्धांच्या मूर्तीपुढचं तांब्याचं भांडं ती दर पौर्णिमेला चिंचेने घासायची. उद्या त्यांच्या हातात हे असं कसं द्यायचं?

ती घरी जाऊन चिंच घेऊन आली. काळपटपणा रेघांच्या कडांना घट्ट धरून बसला होता, बोटांनी निघेना. मग तिने हिरवी घासणी घेतली. मन लावून, एकेक कोपरा धरून घासलं. पाण्याने धुतलं, मऊ कापडाने पुसलं. पत्रा आरशासारखा झाला. त्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसायला लागला. तिने तो भिंतीला टेकवून, दारातून येताच दिसेल असा ठेवला.

दुपारी आंटी टॅक्सीने आल्या, एका डोळ्यावर पट्टी. नंदाने त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "तुमच्यासाठी एक गंमत आहे."

पत्रा मांडीवर ठेवला. आंटींनी नेहमीसारखी मान तिरकी करून बाजूच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. मग उजव्या हाताचं मधलं बोट हलकेच त्याच्यावरून फिरवलं. एकदा. मग परत एकदा, उलट बाजूने. बोट गालाच्या जागी थांबलं.

"चिंच?" त्यांनी विचारलं.

"हो. खूप काळा झाला होता."

"घासणीने?"

 "आंटी, काय झालं?"

 आंटींनी नंदाचं बोट धरून आधी नदीच्या पत्र्यावरून फिरवलं. "या रेघा अॅसिडने खोल खाल्लेल्या. घासल्या तरी राहतात." मग तेच बोट बूनवरून. "या सुईने ओढलेल्या. सुई जाते तिथे तांब्याचा बारीक कीस वर येतो, नांगरलेल्या मातीसारखा. हाताला खरखरीत लागतो. शाई तो कीस धरून ठेवतो. त्याच्यामुळे काळा रंग मखमलीसारखा उतरतो. त्याच्या गालाचा खड्डा, डोळ्यांखालचं, सगळं त्या किसात होतं."

नंदाच्या बोटाला काहीच खरखरीत लागत नव्हतं. गुळगुळीत लागत होतं.

"मी तुला सांगितलं नव्हतं," आंटी म्हणाल्या. "या पत्र्याचं वेगळं असतं हे मी सांगायला हवं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नंदा तिथेच जमिनीवर बसून राहिली. 'सॉरी' हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा तिला स्वतःलाच तो इतका किरकोळ वाटला की पुन्हा उच्चारवेना.

तरीही गुरुवारी त्यांनी छाप काढला. आंटीच म्हणाल्या, बघू तरी. नंदाने शाई भरली, पुसली, चाक फिरवलं, मध्ये थांबली नाही. कागद उचलला.

"कसा आला?"

"छान..." नंदाने सुरुवात केली.

"छान नको. काय दिसतं ते सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या बाईला कागदाच्या कडाच दिसत होत्या. बून जसाच्या तसा उतरलाय म्हटलं असतं तर त्या कदाचित विश्वास ठेवून, कागद छातीशी धरून बसल्या असत्या. नंदाने कागद उजेडाकडे धरला.

"खुर्ची आहे," ती म्हणाली. "बनियनचा काठ आहे. एक कान. चष्मा कपाळावर आहे. केसांच्या रेघा बारीक आल्यात."

"डोळे?"

"पापण्यांच्या रेघा आहेत. आत काही नाही."

"गाल?"

"कोरा कागद आहे, आंटी."

आंटींनी मान हलवली. छापावर सही केली नाही. "आज एवढं पुरे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर नंदा गेली नाही. म्हणजे पाय निघेना. दाराबाहेरच्या हुकला ती भाजीचा डबा लटकवून यायची, तो संध्याकाळी धुऊन परत लटकलेला असायचा. उज्ज्वलने समजूत घातली, "अगं, मुद्दाम केलंस का तू? माया होती म्हणूनच केलंस ना." तेच तर तिला टोचत होतं. तिरस्काराने कोणी तो पत्रा असा मन लावून घासला नसता. अवनी म्हणाली, "आंटी पुन्हा draw करतील ना? Draw again, can what." नंदाने नुसती मान हलवली. कोणाला समोर बसवून पुन्हा काढणार?

अखेर एका सकाळी आंटीचाच फोन आला. ये म्हणाल्या.

हॉलमध्ये खोकी होती. पुढच्या महिन्यात त्या यिशुनच्या एका नर्सिंग होममध्ये राहायला जाणार होत्या. एकटीला गॅसची ज्योत नीट दिसत नव्हती. प्रेस आणि सगळे पत्रे क्लबातली एक जुनी विद्यार्थिनी नेणार होती.

"बस," आंटी म्हणाल्या. "पोळ्या झाल्या का?"

"झाल्या."

"ऐकल्या मी."

टेबलावर पत्र्यांची चळत होती. आंटींनी एकेक हातात दिला. नदी, गोदामं, पाडलेली खेडी. प्रत्येकावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक खोल रेघ मारलेली. नंदा दचकली. "हे कोणी खराब केले?"

"मीच, परवा. आमच्यात अशी रीत आहे. हवे तेवढे छाप काढून झाले की पत्र्यावर रेघ मारायची. मग कोणी पुन्हा छापला तरी चित्रावर रेघ उतरते, आणि बघणाऱ्याला कळतं, चित्र आधीच संपलं आहे. नाहीतर माणूस गेल्यावर झिजलेल्या पत्र्यांचे छाप काढत बसतात आणि त्याच्या नावावर खपवतात."

"ती विद्यार्थिनी असं करेल?"

"चांगली मुलगी आहे. प्रेमाने करेल. बूनचा पत्रा दिसला की तिला वाटेल, आंटीचा नवरा, याचा एक छाप तर काढायलाच हवा. आणि मग तो डोळे नसलेला माणूस कोणाच्या तरी भिंतीवर लागेल. बून म्हणून." त्यांनी चळतीतून शेवटचा पत्रा काढला. तो अजूनही लखलखत होता. "याच्यावर मला रेघ मारता आली नाही."

नंदाने त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"तीनदा बसले. मला मधलं दिसत नाही, तेव्हा रेघ कुठून जाते कळत नाही. आणि खरं सांगायचं तर हात मुद्दाम बाजूला जातो. त्याला चुकवून."

"आंटी, माझ्याकडून एकदा झालं ते पुरे नाही का?" नंदाचा आवाज फाटला. "पुन्हा मीच?"

"दुसरं कोणी त्याला इतकं जवळून पाहिलेलं नाही," आंटी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी मेजावर चाचपून लाकडी मुठीची सुई शोधली आणि नंदाच्या हातात दिली. पत्रा दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्यापुढे ठेवला.

"वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावरून जाऊ दे. एकच रेघ मार, नंदा. खोल मार."